जुन्या नकाशांवरून कॅनडाच्या प्रेअरीतील वस्त्या शोधताना

मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानांच्या, प्रांतांचे जुने स्थलनिर्देशक नकाशे वाचताना एक गोष्ट आधी ध्यानात घ्यावी: इथे बहुतेक ठिकाणी जमीन मोजणीच्या चौकटी आधी आखल्या गेल्या आणि शेतकरी नंतर आले. त्यामुळे सरळ रेघ दिसली म्हणजे तिथे रस्ता होताच असे नाही. ती रस्त्यासाठी नुसती राखून ठेवलेली पट्टीही असू शकते.

शोध बहुधा जमिनीच्या पत्त्यापासून सुरू होतो. ‘वायव्य १४-२२-७, तिसऱ्या मेरिडियनच्या पश्चिमेस’ हा पत्ता शेवटाकडून वाचावा: १०६ अंश पश्चिम रेखांशापासून पश्चिमेकडे सातवा पट्टा, अमेरिकेच्या सीमेपासून उत्तरेकडे बाविसावी टाऊनशिप (मोजणीचा मोठा चौकोन), तिच्यातले चौदावे सेक्शन (त्यातला लहान चौकोन) आणि त्याचा वायव्येकडचा पाव भाग, म्हणजे १६० एकर. टाऊनशिपमध्ये प्रत्येकी एक चौरस मैलाची ३६ सेक्शन असतात आणि त्यांचे क्रमांक आग्नेय कोपऱ्यातून निघून नागमोडी वर चढतात. म्हणून चौदावे सेक्शन खालून तिसऱ्या ओळीत, पूर्वेकडून दुसरे सापडते. (अमेरिकेत ही मोजणी ईशान्य कोपऱ्यातून सुरू होते, त्यामुळे तिथल्या नकाशांना सरावलेला माणूस इथे हमखास चुकतो.)

क्रमांकही बोलका असतो. १८७२च्या कायद्यानुसार दहा डॉलर शुल्क भरून मिळणारी होमस्टेडची (स्वतः राहून कसण्यासाठी सरकार देई ती) जमीन प्रामुख्याने सम क्रमांकांच्या सेक्शनांत होती. विषम सेक्शन बरीचशी रेल्वे कंपन्यांच्या वाट्याला गेली, ११ आणि २९ शाळांसाठी, तर ८ आणि २६चा बराचसा भाग हडसन्स बे कंपनी या जुन्या फर-व्यापारी कंपनीसाठी राखलेला होता. तेव्हा एखादा चौकोन मोकळा दिसला, तर जमीन नापीक होती असा निष्कर्ष घाईने काढू नये.

यानंतर त्याच भागाच्या निरनिराळ्या काळांतल्या आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात: आधी एका इंचाला तीन मैल दाखवणारे जुने नकाशे, मग १:५०,००० प्रमाणाचे. छपाईच्या वर्षापेक्षा माहिती कधीपर्यंतची आहे ते पाहावे. टपाल कार्यालय पुष्कळदा एखाद्या शेतकऱ्याच्या घरातच चाले आणि पोस्टमास्तर बदलला की जागाही बदले. म्हणून वस्ती कुठे होती हे ठरवताना मी शाळेच्या खुणेवर अधिक विसंबतो.

मॅनिटोबातल्या रेड नदीकाठी किंवा सस्कॅचेवानमधल्या बातोश गावाजवळ मात्र चौकटी मोडून नदीला भिडणाऱ्या लांब, अरुंद पट्ट्या दिसतात. मुख्यतः मेटिस (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) कुटुंबांची ही वहिवाट चौकोनी मोजणीच्या आधीची असल्याने तिथे सेक्शन शोधत न बसता वस्तीचे नाव आणि नदीकाठच्या पट्टीचा क्रमांक टिपून घ्यावा.