शिसवीची पट्टी वाकवायचा घरगुती पाइप

गिटारच्या कडेच्या पट्ट्या वाकवताना माझ्या सलग दोन पट्ट्या कंबरेच्या वळणावर तडकल्या. शिसवीच्या होत्या, फार हळहळलो. उकळत्या पाण्यात भिजवून मी त्या साच्यावर दाबत होतो, आणि चूक तिथेच होती. लाकडातलं लिग्निन, म्हणजे तंतू एकमेकांना धरून ठेवणारा घटक, मऊ होतं ते उष्णतेनं. पट्टी साच्यापर्यंत नेईस्तोवर निवायची.

तयार बेंडिंग आयर्न, म्हणजे लाकूड वाकवायचं तापणारं साधन, परवडेना. ठाण्यात वागळे इस्टेटजवळच्या भंगारवाल्याला म्हटलं, "काका, जाड ॲल्युमिनियमचा पाइप बघा." अडीच इंच व्यासाचा फूटभर तुकडा मिळाला. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप मुद्दाम टाळला. फार तापला तर त्यावरच्या जस्ताचा धूर निघतो आणि तो छातीला वाईट. पाइप वाइसमध्ये (टेबलाच्या शिकंजात) आडवा धरला, मागून हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, लावली. पुढचं तोंड पत्र्यानं निम्मंच झाकलं. पूर्ण झाकलं की गरम हवा उलटी फिरते आणि गन बंद पडते, हे पहिल्याच दिवशी कळलं.

पाण्याचा थेंब पाइपवर नाचला की तो तयार. पट्टी रंधून २ मिमीवर आणली, आधी तीन होती. हलकी ओली करून, बाहेरच्या अंगाला पातळ स्टीलची पट्टी धरून कंबरेपासून सुरुवात केली. जोर लावायचा नाही, पट्टी पाइपवर डोलवत राहायची. एका क्षणी लाकूड हाताखाली सैल होतं, तेव्हाच वळवायची.

तिसरी पट्टी अखंड वळली. पावसाळी दमटपणामुळे साच्यात दोन रात्री आवळून ठेवली.