सेन्सर उणे १२७ दाखवतोय? कोड राहू द्या, आधी वायर बघा

डीएस१८बी२० हा टेंपरेचर सेन्सर ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलर बोर्डशी बोलेनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला, लायब्ररी (सेन्सर वाचायचा तयार कोड) बदला. नका बदलू भो. आमच्या रावेर-सावदा पट्ट्यात केळीच्या रायपनिंग चेंबरमध्ये मी हे सेन्सर बरेच बसवलेत आणि लायब्ररीमुळे बंद पडलेला एकही मला आजवर सापडलेला नाही.

आधी आकडा नीट वाचा. उणे १२७ म्हणजे सेन्सरकडून उत्तरच आलं नाही, लायब्ररीने खुणेसाठी ठेवलेला आकडा आहे तो. ८५ आला तर दुखणं वेगळं. मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या वर जातो, पण ८५ जगात कुठल्याच गावात होत नाही. सेन्सरला करंट मिळाल्या मिळाल्या त्याच्या मेमरीत हा आकडा असतो, म्हणजे बोलणं चालू आहे पण मोजमाप पूर्ण व्हायच्या आत वाचलं (१२ बिटच्या बारीक मोजमापाला ७५० मिलिसेकंद लागतात) किंवा मधेच सप्लाय पडला. सेन्सरजवळ सप्लाय आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, सप्लायची वायर जाड घ्या.

मग मल्टीमीटर. वाचन बंद असताना डेटा आणि ग्राउंडमध्ये ३.३ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. शून्य आलं तर शॉर्ट आहे किंवा पुलअप रेझिस्टर (डेटाची लाईन सप्लायकडे वर ओढून धरणारा) लागलेलाच नाही. पुलअप ३.३ लाच जोडा, ५ ला जोडलात तर ईएसपीच्या पिनेला धोका.

आता खरी अडचण, जिच्यात माझे दोन आठवडे गेले. टेबलावर चारही सेन्सर झकास चालायचे, चेंबरमध्ये लावले की कधी दोन दिसायचे, कधी एक. मी सेन्सर बदलले, बोर्ड बदललं, कोड तीनदा लिहिला. शेवटी एकाच्या ओळखीने कॉलेजच्या लॅबमध्ये ओसिलोस्कोप, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र, मिळाला. तीच वायर तिथे नेऊन लावली आणि बघितलं तर सिग्नलची जी कड भिंतीसारखी सरळ वर जायला पाहिजे ती कन्नड घाट चढणाऱ्या लोडेड ट्रकसारखी हळूहळू वर चालली होती.

झालं काय होतं, बोर्डच्या एकाच पिनेपासून चार कोपऱ्यांना मी नेटवर्क केबलच्या चार वेगळ्या वायरी नेल्या होत्या, एकेक १५-२० मीटर, म्हणजे सगळी मिळून ७० मीटर. नेटवर्क केबलला मीटरमागे साधारण ५० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो, म्हणजे झाला ३५०० पिकोफॅरड, आणि तो ४.७ के (किलोओम) च्या पुलअप रेझिस्टरमधून भरायचा तर टाइम कॉन्स्टंटच (लाईन साधारण दोन तृतीयांश वर चढायला लागणारा वेळ) १६ मायक्रोसेकंद होतो. सेन्सर पाठवतो तो बिट पहिल्या १५ मायक्रोसेकंदांतच वाचावा लागतो. एक असलेला बिट शून्य वाचला जाणार नाही तर काय!

म्हणून माझं ठाम मत, फाटे फोडूच नका. एकच वायर भिंतीच्या कडेने फिरवा आणि प्रत्येक सेन्सर तिच्यावर वीतभर तुकड्याने जोडा. डेटा आणि ग्राउंड केबलच्या एकाच पिळलेल्या जोडीत ठेवा. पुलअप बोर्डाजवळ, आणि ४.७ के च्या जागी २.२ के. १.५ के च्या खाली मात्र जाऊ नका, सेन्सरला लाईन खाली ओढणं जड जातं. आणि चिपमधला आतला पुलअप पुरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ईएसपी३२ चा आतला रेझिस्टर साधारण ४५ के चा असतो, म्हणजे नेहमीच्या ४.७ के च्याही जवळपास दहापट. हे सगळं केल्यावर माझे चारही सेन्सर त्याच संध्याकाळी दिसले.

बाकी सोपं आहे. कोडने लाईन स्कॅन करा, प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा पत्ता २८ ने सुरू झाला पाहिजे. एकेक सेन्सर एकटा जोडून त्याचा पत्ता चिकटपट्टीवर लिहून वायरीला लावा, भिंतीवर ठोकल्यानंतर कोणता कुठला ते कळत नाही. चेंबरमध्ये ओल असते म्हणून प्रत्येक जोड सोल्डर करून वर गोंदवाली हीट श्रिंक नळी चढवा, नुसती काळी टेप ओलीत सुटते आणि उणे १२७ परत येतो.