ओव्हर घेताना शिकलेले नेतृत्व

जीएनएम ही नर्सिंगची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात रुजू होणाऱ्या बहुतेकांना वाटते की नेतृत्व हा मेट्रनच्या, म्हणजे रुग्णालयातल्या मुख्य परिचारिकेच्या, केबिनमधला विषय आहे आणि आपल्या वाट्याला तो आलाच, तर पंधरा-वीस वर्षांनी येईल. मीही त्याच समजुतीत होते. नोकरीच्या चौथ्या महिन्यात ती समजूत गेली.

त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. लोकल उशिरा आल्यामुळे मी धापा टाकतच मेडिसिनच्या वॉर्डात पोहोचले. रात्रपाळीच्या सिस्टरलाही घरी जायची घाई असल्याने मी खाटेपाशी न जाता टेबलापाशी उभ्या उभ्याच ओव्हर, म्हणजे पाळी बदलताना द्यायची रुग्णांची माहिती, घेतली. एका मधुमेही आजोबांना सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायचे आहे, हे त्या गडबडीत सांगायचे राहिले आणि मीही विचारले नाही. चार्टवर होते तसे इन्सुलिन दिले. नाश्त्याची ट्रॉली मात्र त्यांच्या खाटेवरून पुढे गेली, कारण वॉर्डात मदतीचे काम करणाऱ्या मावशींना त्यांना उपाशी ठेवायचे असल्याचे ठाऊक होते. साडेनऊच्या सुमारास आजोबा घामाने डबडबले. साखर तपासली, तर 48, म्हणजे धोकादायक इतकी कमी. डॉक्टरांना बोलावून शिरेतून डेक्स्ट्रोज दिल्यावर ते सावरले.

आमच्या इन्चार्ज सिस्टरांनी रुग्णांसमोर मला चकार शब्द ऐकवला नाही. घटनेची लेखी नोंद माझ्याकडूनच करून घेतली आणि दुपारी विचारले, ‘मावशींना जे माहीत होते ते तुला का माहीत नव्हते?’ दुसऱ्या दिवसापासून ओव्हर खाटेपाशीच द्यायची आणि उपाशी रुग्णाच्या खाटेला पाटी लावायची, असे ठरले. त्या ओव्हरचा तक्ता तयार करण्याचे कामही त्यांनी मलाच दिले. चूक करणारीला शिक्षा देऊन त्यांना मोकळे होता आले असते. त्याऐवजी त्यांनी कामाची पद्धत बदलली आणि ती बदलायला मला शिकवले.

पुढच्या शिक्षणाचा विचार करताना हा प्रसंग मला उपयोगी पडला. जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे आणि त्यानंतर दोन वर्षांचे एम.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांचे बी.एस्सी. करून थेट एम.एस्सी.ला जायचे असेल, तर किमान एक वर्षाचा अनुभव लागतो. एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी नर्सिंग शिक्षणशास्त्र आणि दुसऱ्या वर्षी नर्सिंग व्यवस्थापन शिकवतात. माझे मत विचाराल, तर ती एक वर्षाची अट अपुरी आहे. निदान तीन वर्षे वॉर्डात काढावीत, कारण मनुष्यबळाच्या नियोजनावरचे प्रकरण वाचताना ज्याच्या डोळ्यांसमोर तीन सिस्टर रजेवर असलेली ड्यूटी लिस्ट उभी राहत नाही, त्याला ते प्रकरण फक्त पाठ होते. (रात्रपाळीनंतर अभ्यास होतो, या भ्रमात राहू नये; मी पुस्तक उघडून कित्येकदा थेट कल्याण गाठले आहे.)

वॉर्डात असतानाच सुरुवात करता येते. शिकाऊ विद्यार्थिनी पोस्टिंगला आल्या की इन्चार्जना सांगून त्यांतल्या दोघींची जबाबदारी मागून घ्यावी आणि त्यांना ‘का?’ असे विचारू द्यावे. औषधांचा इंडेंट (मागणीपत्र) भरताना, क्रॅश कार्ट (आणीबाणीच्या औषध-साधनांची ट्रॉली) तपासताना त्यांना शेजारी उभे करावे. मी ट्यूटर (नर्सिंगची शिक्षिका) झाल्यावर पहिला तास वर्गात घेतलाच नाही. सकाळी साडेसातला मुलींना वॉर्डात नेले आणि पहिल्या खाटेपासून शेवटच्या खाटेपर्यंत ओव्हर ऐकायला लावली.