कौलारू घरावर सोलर लावताय? वायरचा रस्ता आणि माळ्याचा फॅन एकदमच ठरवा

सोलर म्हटलं की सगळे आधी किलोवॅट आणि सबसिडी विचारतात (पीएम सूर्यघरमधे ३ किलोवॅटला ७८,००० मिळतात), पण वायर कुठून खाली आणायची हे फिटर शिडीवर चढल्यावर ठरतं आणि मग तो कौल फोडून सरळ खाली उतरवतो. हे होऊ देऊ नका. पॅनल यायच्या आधी कागदावर घर काढा आणि वायर नि फॅन दोन्ही मार्क करा, कारण दोघांना आढ्याखालची तिकोनी भिंतच लागते.

आधी फॅन, माळ्यावर कोंडलेली गरम हवा बाहेर काढणारा. आपल्या कोकणात उन्हाळ्यातलं दुपारचं वारं समुद्रावरून येतं आणि पावसाळ्यात झड पण नैऋत्येकडूनच, म्हणून एक्झॉस्ट पूर्वेच्या तिकोनी भिंतीत, जमेल तेवढा आढ्याजवळ. आढं दक्षिणोत्तर असेल तर उत्तरेची भिंत घ्या. हवा आत यायला समोरच्या वळचणीखाली जाळी लावून जागा सोडा, ती फॅनच्या तोंडापेक्षा मोठीच हवी, नाहीतर फॅन खालच्या खोलीतलीच हवा ओढत बसतो. साईज काढायला सोप्पं आहे: माळा ३० बाय २५ फूट, सरासरी उंची ५ धरली तर ३७५० घनफूट, तासाला १० वेळा हवा बदलायची तर ६२५ सीएफएम (मिनिटाला घनफूट), म्हणजे तासाला साधारण १०६० घनमीटर, खोक्यावर हाच आकडा बघून घ्या. आणि फॅन शक्यतो स्वतःच्या छोट्या पॅनलवर चालणारा डीसी घ्या, कारण लाईट गेली की बॅटरी नसलेला ऑनग्रिड (वीज कंपनीच्या लाईनला जोडलेला) इन्व्हर्टर पण बंद होतो, आणि आपल्याकडं लाईट कधी जाते ते सांगायला नको.

आता वायर. कौलाला भोक अजिबात नाही, पॅनलपासून छपराच्या कडेनं वळचणीखाली आणायची आणि तिथून भिंतीत घ्यायची, शिरायच्या आधी खाली एक झोळ सोडायचा म्हणजे पाणी तिथंच टपकतं. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा आणि सिलिकॉननं भरा, जांभा पाणी पितो. प्लस मायनस दोन वेगळ्या पाईपमधे पण शेजारी शेजारीच न्या, मधे मोठं रिंगण राहिलं तर मे आणि ऑक्टोबरच्या विजांत त्रास होतो. एसीची वायर, म्हणजे इन्व्हर्टरमधून घरात जाणारी, त्या पाईपात घालायची नाही. लोखंडी पाईप खाऱ्या हवेत सडतो, उन्हाला टिकणारा जाड पीव्हीसी घ्या, उंदरांपासून पण वायर वाचते. बोल्ट समुद्राजवळ ३१६ नंबरच्या स्टेनलेस स्टीलचे.

इन्व्हर्टर माळ्यावर ठेवू नका, गरम झाला की आउटपुट कमी देतो. पडवीत सावलीला लावा, लांब पडेल म्हणून घाबरू नका, ४ स्क्वेअर एमएम तांब्याच्या वायरनं २० मीटरवर ३ किलोवॅटला जेमतेम एखादा टक्का जातो.

अर्थिंगवर मात्र कंजूषी नको. पॅनलचे, एसीचे आणि वीजरोधकाचे (आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या दांड्याचे) खड्डे वेगवेगळे, आणि जांभ्याची जमीन एप्रिलमधे कोरडीठाक होते म्हणून न्हाणीचं पाणी जातं तिथं किंवा माडाच्या आळ्याजवळ खणा.

ऊन असताना पॅनलचे कनेक्टर कधीच ओढून काढू नका, डीसीची ठिणगी विझत नाही, आधी इन्व्हर्टर बंद करा मग डीसीचा स्विच पाडा, आणि हा क्रम स्विचच्या डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, घरच्या म्हाताऱ्या माणसांना पण वाचता येईल असा.