जुन्या रोगांची जुनी नावे : ग्रंथालयात वैद्यकाचा इतिहास शोधताना

वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यास सुरू केला, तेव्हा माझा पहिला आठवडा जवळजवळ वाया गेला. मला सतराव्या-अठराव्या शतकांतील क्षयरोगाविषयी वाचायचे होते, म्हणून ग्रंथालयाच्या तालिकेत ‘ट्यूबरक्युलोसिस’ हा शब्द टाकला, आणि हाती आलेले जवळपास सर्व साहित्य रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये या रोगाचा जिवाणू शोधल्यानंतरचे निघाले. हा शब्दच एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्याआधीचे इंग्रजी लेखक ‘थायसिस’ किंवा ‘कन्झम्प्शन’ असे लिहीत, हे एका ग्रंथपाल बाईंनी दाखवून दिले आणि त्याच दुपारी माझे टेबल पुस्तकांनी भरले.

म्हणून नवख्या अभ्यासकाला माझे पहिले सांगणे असे की, शोध सुरू करण्याआधी आपल्या विषयाची त्या-त्या काळातील नावे एका वहीत उतरवून काढावीत. जॉन शॉ बिलिंग्ज यांनी अमेरिकेच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयासाठी सिद्ध केलेल्या, १८८० पासून प्रकाशित होऊ लागलेल्या प्रचंड सूचीचा यासाठी फार उपयोग होतो, कारण तिच्यातील विषयशीर्षके त्या काळच्या डॉक्टरांच्याच भाषेत आहेत. त्याच ग्रंथालयाचे पुढे नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाले.

मात्र नाव सापडले म्हणजे रोग सापडला असे नव्हे, आणि माझ्या मते या अभ्यासातील खरी कसोटी हीच आहे. लंडनच्या मृत्युनोंदींवरून जॉन ग्रॉन्ट यांनी १६६२ मध्ये जो ग्रंथ लिहिला, त्यातील तक्त्यांत ‘दात’ हेही मृत्यूचे एक कारण आहे. दात येण्याच्या वयात दगावलेली ती बालके नेमकी कशाने गेली, हे त्या शब्दावरून कळत नाही. शिवाय कारण ठरवणाऱ्या व्यक्ती बहुधा वैद्य नसत, मृतदेह पाहून कळवण्यासाठी नेमलेल्या वृद्ध स्त्रिया असत. ‘ताप’ या नोंदीचेही तसेच आहे. टायफस आणि टायफॉइड हे वेगळे रोग आहेत, हे विल्यम जेनर यांनी १८५० च्या सुमारास स्पष्टपणे मांडले. त्यापूर्वीच्या नोंदीवर आजचे निदान चिकटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि तिच्यासाठी कोणते रकाने आखून दिले होते, हे आधी पाहावे.

घरबसल्या वाचता येणारे साहित्यही आता विपुल आहे. लंडनच्या वेलकम संग्रहाने तेथील आरोग्य अधिकाऱ्यांचे १८४८ ते १९७२ या काळातील ५,५०० हून अधिक अहवाल खुले केले असून त्यांत सांडपाणी, दूध, दाटीची घरे, बालमृत्यू अशा विषयांची वर्षानुवर्षांची माहिती आहे. मात्र यंत्राने वाचलेल्या मजकुरावर पूर्ण भिस्त ठेवू नये. अठराव्या शतकातील छपाईतला लांब ‘एस’ यंत्राला अनेकदा ‘एफ’ वाटतो, त्यामुळे ‘कन्झम्प्शन’चे ‘कन्फम्प्शन’ होते आणि अचूक शब्दाने शोधणाऱ्याला ते पान दिसतच नाही. मी चुकीच्या रूपानेही शोधते.

मूळ कागद पाहण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये. तारीख आणि दाखल क्रमांक टिपल्याखेरीज पानाचे छायाचित्र घेऊ नये, आणि रुग्णांच्या नोंदी गोपनीयतेमुळे अनेक दशके बंद असू शकतात, हे लक्षात ठेवून ग्रंथपालांना आधीच विचारावे.

मी पाहिलेल्या एका रुग्णालयाच्या नोंदवहीत एका मोलकरणीच्या नावापुढे प्रथम ‘ताप’ लिहिले होते. मग ते खोडून, वेगळ्या शाईने आणि वेगळ्या हाताने ‘थायसिस’ केले होते. शेवटच्या रकान्यात ‘बरी होऊन घरी’ अशी पहिल्याच शाईतील नोंद तशीच होती. दुसऱ्या हाताने निदान केव्हा आणि का बदलले, हे शोधण्यासाठी मी त्याच दालनातील पुढच्या वर्षांच्या वह्या मागवल्या, आणि दोन वर्षांनंतरच्या वहीत तेच नाव पुन्हा दाखल झालेले मिळाले.