घराचा विमा स्वस्तात हवाय? न्यू जर्सीत स्थानिक स्वतंत्र एजंटकडून तो कसा घ्यावा

घराची ऑफर मान्य झाली, इन्स्पेक्शन उरकलं, क्लोजिंग, म्हणजे घर नावावर होण्याचा दिवस, तीन आठवड्यांवर आलं, की बँकेचा ईमेल येतो: विम्याचा कागद कुठे आहे? मग आपण काय करतो, तर व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकतो, ‘घराचा विमा कोणाकडे स्वस्त आहे?’ दहा मिनिटांत पाच उत्तरं येतात. एकजण वर्षाला १,४०० डॉलर भरतो, दुसरा २,६००. हे आकडे तुमच्या काहीच कामाचे नाहीत. त्यांच्या घराचं छप्पर चार वर्षांपूर्वीचं असेल, तुमचं एकोणीस वर्षांचं. त्यांचं बेसमेंट कोरडं, तुमचं रॅरिटन नदीच्या उतारावर. अमेरिकेत घराच्या विम्याचा दर घर आणि माणूस दोन्ही बघून ठरतो.

म्हणून ग्रुपवर कंपनीचं नाव विचारण्यापेक्षा एजंटचं नाव विचारा.

एजंट कोणता, हे आधी ओळखा

बाहेरून सगळ्या इन्शुरन्स ऑफिसांच्या पाट्या सारख्याच दिसतात. पण स्टेट फार्मचा किंवा फार्मर्सचा एजंट मुख्यतः आपल्याच कंपनीची पॉलिसी विकतो. स्वतंत्र एजंटचे एकाच वेळी अनेक कंपन्यांशी करार असतात, उदाहरणार्थ ट्रॅव्हलर्ससारख्या. तुमची माहिती एकदा घेऊन तो ती या सगळ्यांकडे चालवून बघतो. पैसे त्याला कंपनी कमिशनमधून देते. वेगळी फी आकारणार असेल तर ती आधीच लेखी मागा.

इथे आपली एक सवय आड येते. एजंटसमोर बसून ‘अहो, थोडं कमी करा ना’ म्हणण्यात अर्थ नाही. कंपन्यांना दर राज्याच्या विमा खात्याकडे नोंदवावे लागतात, आणि त्याच माहितीवर त्याच कंपनीचा आकडा कुठल्याही एजंटकडे सारखाच यायला हवा. त्यामुळे त्याच कंपन्यांशी करार असलेले तीन स्वतंत्र एजंट पालथे घालूनही फारसं हाती लागत नाही. एक चांगला एजंट धरा, आणि जोडीला एजंटशिवाय थेट विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा कोट, म्हणजे दराचा अंदाज, स्वतः काढा. तो कोट एजंट तुम्हाला दाखवूच शकत नाही, आणि कधीकधी तोच सगळ्यात कमी निघतो. हे एजंटला सरळ सांगितलं तरी चालतं. चांगला एजंट त्यावर रुसत नाही.

एजंट निवडताना मी तीन गोष्टी विचारते. घराच्या विम्यासाठी किती कंपन्यांशी करार आहेत? (कारसाठी बारा आणि घरासाठी दोन, असंही असतं.) माझ्या टाउनमध्ये किती घरांचा विमा तुमच्याकडे आहे? आणि क्लेमच्या वेळी मी फोन तुम्हाला करायचा की कंपनीच्या कॉल सेंटरला? लायसन्स न्यू जर्सीच्या बँकिंग आणि विमा खात्याच्या वेबसाइटवर दोन मिनिटांत तपासता येतं. ‘काकांच्या ओळखीचा आहे’ ही चौकशी सुरू करायला चांगली जागा आहे, पण चौकशी तिथेच थांबवू नका.

भेटीआधी कागद गोळा करा

घर कोणत्या साली बांधलं, छप्पर कधी बदललं, हीटिंग गॅसवर की तेलावर, विजेचं पॅनल कोणतं, वॉटर हीटर किती जुना. यातलं बरंचसं इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये मिळतं, तो रिपोर्टच एजंटला पाठवून द्या. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांत जमिनीखाली तेलाची टाकी पुरलेली असू शकते. ती गळली तर माती साफ करण्याचा खर्च घराच्या नेहमीच्या पॉलिसीत सहसा बसत नाही, म्हणून टाकीचा शोध खरेदीआधीच घ्या.

दुसरा कागद म्हणजे क्लू रिपोर्ट. लेक्सिसनेक्सिस ही कंपनी घरावरच्या आणि माणसाच्या नावावरच्या क्लेमची सात वर्षांपर्यंतची नोंद ठेवते. स्वतःचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मागवता येतो, आणि घराचा विकणाऱ्याकडून मागून घ्यावा. आधीच्या मालकाने पाण्याचे दोन क्लेम केले असतील तर त्याचा भार तुमच्या प्रीमियमवर पडू शकतो. शिवाय बेसमेंटची कहाणीही आयतीच कळते. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराच्या धोक्याची माहितीही लेखी द्यावी लागते. तो फॉर्म नुसता सही करून बाजूला ठेवू नका, वाचा.

न्यू जर्सीत प्रीमियम ठरवताना क्रेडिटची, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीची, माहितीही वापरली जाते. नुकतेच आलेल्यांची क्रेडिट हिस्टरी तोकडी असते आणि त्याचा फटका बसतो. नवरा-बायकोपैकी ज्याची हिस्टरी जुनी आणि स्वच्छ, त्याचं नाव पॉलिसीवर पहिलं घालून फरक पडतो का, हे एजंटला विचारा. काही कंपन्यांत पडतो. कॅलिफोर्निया किंवा मॅसॅच्युसेट्समध्ये हा प्रश्नच येत नाही, तिथे घराच्या विम्यासाठी क्रेडिट बघायला परवानगी नाही.

सगळे कोट एकाच मापाने मोजा

स्वस्त कोट बहुतेक वेळा स्वस्त असतो कारण त्यातून काहीतरी काढलेलं असतं. स्वतंत्र घरासाठीच्या नेहमीच्या पॉलिसीचं नाव एचओ-३, कॉन्डोसाठी, म्हणजे मालकीच्या फ्लॅटसाठी, एचओ-६. टाउनहाऊसचं मात्र असोसिएशनच्या कागदांवर ठरतं, म्हणून तिची मास्टर पॉलिसी, म्हणजे सगळ्या घरांसाठीची सामायिक पॉलिसी, एजंटला आधी वाचायला द्या. भिंतीच्या आतलं कोणाचं आणि बाहेरचं कोणाचं, हे तिथे कळतं.

एचओ-३ मध्ये पहिला आकडा घराच्या इमारतीचा. तो बाजारभाव नव्हे, तर घर जळून गेलं तर आज तसंच पुन्हा बांधायला लागणारा खर्च. एडिसनमध्ये सात लाख डॉलरना घेतलेल्या घराच्या किमतीत जमिनीचा वाटा मोठा असतो, आणि जमीन जळत नाही. उलट हा आकडा मुद्दाम कमी लावून प्रीमियम वाचवायला गेलात तर फसाल. समजा पुनर्बांधणीचा खर्च पाच लाख आहे. त्याच्या ८० टक्के, म्हणजे चार लाखांचा तरी विमा हवा. तुम्ही तीन लाखांचाच घेतला आणि स्वयंपाकघरात आग लागून ४०,००० डॉलरचं नुकसान झालं, तर भरपाई चाराला तीन या हिशोबाने साधारण ३०,००० पर्यंत खाली येऊ शकते, आणि त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः सोसायची रक्कम, वजा.

पुढे बघा: छपराची भरपाई नव्या किमतीने की घसारा वजा करून? काही स्वस्त कोटांत हे चोरपावलांनी बदललेलं असतं. वीस वर्षांच्या छपराची घसारा वजा जाता किंमत हातात आली की रडू येतं. दायित्वाचा, म्हणजे कोणी तुमच्या बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून दावा लावला तर लागणाऱ्या रकमेचा, आकडा मुळात एक लाख असतो. तो तीन किंवा पाच लाखांवर नेण्याला तुलनेने फार थोडे पैसे लागतात.

खरी बचत करायची असेल तर डिडक्टिबल वाढवा. १,००० चं २,५०० करून किती फरक पडतो, ते एजंटकडून शेजारी शेजारी मांडून घ्या. तसंही बाराशे डॉलरच्या फुटक्या खिडकीसाठी क्लेम करणं शहाणपणाचं नाही, तो पुढची कित्येक वर्षं तुमच्या क्लू रिपोर्टवर बसतो. कारचा विमा त्याच कंपनीत नेला तर सूट मिळते, पण बेरीज करूनच ठरवा. घरावर तीनशे वाचले आणि कारवर पाचशे वाढले, हे मी पाहिलं आहे.

पाणी

यावर मी थोडी जास्त बोलणार, कारण पैसे माझे गेलेत.

आम्ही पहिली पॉलिसी क्लोजिंगच्या आदल्या आठवड्यात रात्री अकराला ऑनलाइन घेतली होती. सगळ्यात कमी आकडा होता. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा वादळाचा उरलेला पाऊस इथे कोसळला. नेवार्कला त्या दिवशी ८.४१ इंच पडला, तोवरचा विक्रम. आमच्या बेसमेंटमध्ये पाणी दारातून नाही, जमिनीतल्या ड्रेनमधून उलटं वर आलं. कंपनीने सांगितलं, ड्रेनचं पाणी पॉलिसीत नाही, त्यासाठीची पुरवणी तुम्ही घेतली नव्हती. ती वर्षाला शंभर डॉलरच्या आतबाहेर होती. ऑनलाइन फॉर्मवर तो एक चौकोन होता, आणि तो मी रिकामा सोडला होता.

म्हणून एजंटला दोन वेगळे प्रश्न विचारा. पहिला: ड्रेन उलटून किंवा संप पंप (बेसमेंटमधलं पाणी बाहेर फेकणारा) बंद पडून येणाऱ्या पाण्याची पुरवणी आहे का, आणि कितीपर्यंत? बेसमेंट सजवलेलं असेल, खाली देवघर किंवा मुलांची खोली असेल, तर ५,००० डॉलरची मर्यादा पुरत नाही. दुसरा: पुराचं काय? बाहेरून जमिनीवरून येणारं पाणी एचओ-३ मध्ये नसतंच. त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सरकारी पूरविम्यात घरासाठी कमाल २,५०,००० आणि सामानासाठी १,००,००० डॉलर मिळतात, आणि ती लागू व्हायला सहसा ३० दिवस लागतात. कर्जाच्या क्लोजिंगसाठीच घेत असाल तर ही वाट पाहावी लागत नाही, म्हणून तीच वेळ साधा. वादळाचं नाव टीव्हीवर आल्यावर घ्यायला गेलात तर उशीर झालेला असतो. खासगी पूरविम्याचा कोटही एजंटकडून मागा.

भूकंपही मूळ पॉलिसीत नाही. ५ एप्रिल २०२४ ला ४.८ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा आमच्या ग्रुपवर सगळ्यांनी अचानक हे विचारलं होतं.

सोनं

आपल्या घरांचं हे वेगळेपण एजंटला स्वतःहून सांगा, तो विचारेलच असं नाही. नेहमीच्या एचओ-३ मध्ये दागिन्यांच्या चोरीची मर्यादा साधारण १,५०० डॉलर असते, सगळे दागिने मिळून. आईने दिलेल्या पाटल्या, लग्नातले तोडे, मंगळसूत्र, नथ, मोहनमाळ हे सगळं मिळून त्यात बसत नाही. उपाय म्हणजे प्रत्येक दागिना वेगळा नोंदवून घेणं. त्यासाठी इथल्या ज्वेलरकडून मूल्यांकन, वजन आणि फोटो लागतात. पुण्याच्या सराफाची पावती असेल तर तीही जोडा. अशा नोंदीत सहसा डिडक्टिबल नसतं, आणि गणपतीच्या कार्यक्रमात कानातलं हरवलं तर तेही बरेचदा भरून मिळतं. सोन्याचा भाव वाढतोय, त्यामुळे दोन-तीन वर्षांनी मूल्यांकन नवीन करा.

रोज न वापरले जाणारे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर त्यांचा दर कमी लागतो. लॉकरमध्ये आहे म्हणून विम्याची गरज नाही, असं मात्र समजू नका. बँकेतल्या ठेवींना संरक्षण देणारा सरकारी विमा लॉकरला लागू होत नाही.

भारतात जाताना, आणि इतर अडचणीचे प्रश्न

डिसेंबरात पाच आठवडे पुण्याला निघालात आणि थर्मोस्टॅट बंद केलात, नळ गोठून फुटला, तर कंपनी विचारते: घर उबदार ठेवलं होतं का, किंवा पाणी बंद करून नळ रिकामे केले होते का? दोन्हींपैकी एक केलेलं असावं. शेजाऱ्याला किल्ली द्या. घर भाड्याने देऊन परतणार असाल तर मालक राहतो या गृहीतकावर बेतलेली पॉलिसी चालणार नाही, भाड्याने दिलेल्या घराची वेगळी घ्यावी लागते. घरातून डबे, शिकवण्या किंवा पाळणाघर चालवत असाल तर तेही सांगा. एजंटपासून लपवून प्रीमियम वाचतो, क्लेम वाचत नाही.

क्लोजिंग आणि त्यानंतर

पॉलिसी ठरली की एजंट पुराव्याचा कागद थेट बँकेला पाठवतो. त्यावर बँकेचं नाव, पत्ता आणि कर्जाचा नंबर अक्षरशः बरोबर हवा, क्लोजिंग अडकतं ते इथे. पहिल्या वर्षाचा प्रीमियम तेव्हाच भरायचा, पुढचा एस्क्रोमधून, म्हणजे बँक हप्त्याबरोबर तुमचे पैसे साठवते त्या खात्यातून, जातो. पहिल्या काही आठवड्यांत कंपनीचा माणूस बाहेरून घर बघून जाऊ शकतो. छपरावर आलेल्या फांद्या आणि कठडा नसलेल्या पायऱ्या त्याला लगेच दिसतात, आधीच नीट करून घ्या.

एस्क्रोमधून जातो म्हणून आपण प्रीमियमकडे बघतच नाही, आणि तो दरवर्षी वाढत जातो. पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी एजंटला एक ओळ लिहा: यंदा पुन्हा सगळीकडे चालवून बघा. कंपनी बदललीत तर बँकेला नवीन कागद लगेच पोचवा, नाहीतर बँक स्वतःच्या मर्जीचा महागडा विमा तुमच्या माथी मारते. आणि जुन्या कंपनीचा परताव्याचा चेक घरी आला की त्याची ट्रिप बुक करू नका, तो एस्क्रोमध्ये भरा. नवीन कंपनीचे पैसे त्याच खात्यातून गेलेले असतात.