मोठ्या फीडरला अर्थची पट्टी किती घ्यायची

आमच्या बेळगावात कुठल्याही कॉम्प्लेक्सच्या साइटवर जाऊन विचारा, अर्थ किती घेतलाय ओ, उत्तर एकच, "25 बाय 6 जीआय मारलीय की", म्हणजे 25 मिमी रुंद, 6 मिमी जाड, जस्त चढवलेली लोखंडी पट्टी. फीडर, म्हणजे मेन पॅनलपासून पुढच्या पॅनलला जाणारी लाइन, 100 अँपचा असो नाहीतर 800 चा, पट्टी तीच. कधी जास्त होते, कधी कमी पडते, हिशोब कोण करत नाही. तो 10 मिनिटांचा आहे, चला करू.

आधी ट्रान्सफॉर्मरची नेमप्लेट बघा. समजा 630 केव्हीए, 433 व्होल्ट, इम्पिडन्स 4.5 टक्के. फुल लोड 840 अँप, त्याला 0.045 नं भागलं की साधारण 18,700 अँप, मेन पॅनलजवळ शॉर्ट झाला तर जास्तीत जास्त एवढा करंट. आता आयएस 3043 चा, म्हणजे अर्थिंगच्या भारतीय मानकाचा हिशोब, करंट गुणिले सेकंदांचं वर्गमूळ, भागिले के (धातूचा ठरलेला आकडा), की पट्टीचे स्क्वेअर एमएम मिळाले. उघड्या पट्टीला के तांब्यासाठी 205, अ‍ॅल्युमिनियमला 126, जीआयला म्हणजे लोखंडाला 80. मेनला फॉल्ट तुटायला 1 सेकंद धरा, 18,700 भागिले 80 म्हणजे 234 स्क्वेअर एमएम. 25 बाय 6 ची पट्टी 150 ची, गेली. 40 बाय 6 कशीबशी बसते पण खानापूर साइडचा पाऊस आणि गंज बघता मी 50 बाय 6 च घेतो. तांबं असेल तर 91 लागतं, 25 बाय 4 चालते.

आता मेनपासून पुढं जाणारा फीडर. 400 अँपचा एमसीसीबी (मोठा ब्रेकर), 240 स्क्वेअरची साडेतीन कोर अ‍ॅल्युमिनियम केबल, लांबी 80 मीटर. (त्यातला अर्धा कोर न्यूट्रल असतो बरं का, अर्थ नव्हे, हे पण सांगावं लागतं.) फेज 35 स्क्वेअरच्या वर असला की अर्थ त्याच धातूत निम्मा, म्हणजे 120. जीआय घ्यायची तर आपल्या एक्सएलपीई, म्हणजे प्लास्टिक इन्सुलेशनच्या केबलचा के 94, पट्टीचा 80, म्हणून 120 ला 94 नं गुणा, 80 नं भागा, 141. म्हणजे इथं मिस्त्रीचं 25 बाय 6 बरोबर निघालं की!

पण थांबा, खरी गोची पुढंच आहे. पट्टी जळणार नाही एवढंच कळलं, ब्रेकर ट्रिप होईल का ते कुठं बघितलं? मॅग्नेटिक सेटिंग, म्हणजे ब्रेकर झटक्यात पडायचा आकडा, 10 पट असेल तर 4,000 अँप वाहायला पाहिजेत, 230 भागिले 4,000, लूप, म्हणजे फॉल्टच्या करंटच्या जाण्यायेण्याच्या पूर्ण वाटेचा रोध, 57 मिलिओहमच्या आत हवा. जीआय 25 बाय 6 मीटरला अंदाजे 1 मिलिओहम धरते, 80 मीटरला 80. केबलचे 10 वेगळे. करंट येतो जेमतेम 2,500, मॅग्नेटिक हलत नाही, थर्मल, म्हणजे ब्रेकरचा तापून सावकाश पडणारा भाग, तापेपर्यंत पॅनलच्या बॉडीवर 200 व्होल्ट बसून राहतो आणि दाराला हात लावणारा वॉचमन तिथंच उभा असतो. केबलचं आर्मर (वरचं धातूचं कवच) थोडी मदत करतं, पण ग्लँड (केबल पॅनलला पकडणारा तुकडा) ढिली असली तर त्याचा भरवसा नाही.

मग काय करायचं? दोन्ही बाजूंनी दोन पट्ट्या टाकल्या तर 40 अधिक 10, म्हणजे 50, काठावर पास. अ‍ॅल्युमिनियमची 25 बाय 6 घेतली तर 80 मीटरला साधारण 15 च येतात, मला हीच पसंत. नाहीतर मॅग्नेटिक 5 पटीवर आणा, मोटरचा स्टार्टिंग करंट आड येत नसेल तर. अर्थ फॉल्ट रिले (अर्थकडं जाणारा करंट ओळखून ब्रेकर पाडणारा) लावला तर उत्तमच.

व्हिडिओ बघून अमेरिकन टेबल आणणारेपण भेटतात, 400 अँपला 3 नंबर एडब्ल्यूजी (अमेरिकन तारमाप) तांबं, म्हणजे जेमतेम 27 स्क्वेअर. तिथला तो कमीत कमी आकडा, तिथल्या कोडसाठी, आणि व्होल्टेज ड्रॉपसाठी फेज वाढवला तर अर्थपण त्याच प्रमाणात वाढवा असं तिथंच लिहिलंय, ते कोण वाचत नाही.

आणि अर्थचा खड्डा एक ओहमचा आला म्हणून खुश होऊ नका. 230 व्होल्टला एक ओहममधनं 230 अँपच जातात, 400 चा ब्रेकर ढिम्म हलणार नाही. फॉल्टचा करंट पट्टीतनं ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला परत गेला पाहिजे, उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून ते होत नाही.

जोड मारताना दोन्ही पट्ट्या चकचकीत घासा. टिळकवाडीत एका बेसमेंटमध्ये मी बघितलं, हिरवा रंग आधी आणि बोल्ट नंतर, तोही एकच, हातानं ओढली तर पट्टी हलायली! दोन बोल्ट मारा, वर बिट्यूमेन, रंग शेवटी. चार्जिंग, म्हणजे सप्लाय चालू, झाल्यावर लांबच्या पॅनलला लूप टेस्टर लावा आणि आलेला आकडा दाराच्या आत मार्करनं लिहून ठेवा.